एक ट्रंक कमी

कामठीहून एका आईचे चार पानांचे पत्र आले आहे. ओळख पटणार नाही इतपत तपशील बदलून त्याचा सारांश देते. यजमान सैन्यात हवालदार असून चौदा महिन्यांपासून सीमेवर, फील्डमध्ये आहेत. आई, दहावीत शिकणारा पंधरा वर्षांचा मुलगा आणि आठ वर्षांची मुलगी कामठीच्या क्वार्टरमध्ये राहतात. काटोलकडच्या गावाहून सासूबाई अधूनमधून येऊन राहतात. जोधपूर, बिन्नागुडी, अहिल्यानगर आणि आता कामठी अशी मुलाची ही चौथी शाळा. मे 2025 मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’च्या दिवसांत वडिलांचा फोन पाच दिवस लागला नाही. तेव्हापासून मुलगा रात्री टीव्हीचा आवाज बंद करून बातम्यांची खालची पट्टी वाचत बसू लागला आणि फोन नियमित येऊ लागल्यावरही ती सवय सुटली नाही. दर सोमवारी सकाळी त्याचे पोट दुखते, शाळा बुडते. जेवण निम्म्यावर आले आहे, हॉकी सुटली आहे. एमआय रूममध्ये, म्हणजे लष्करी वसाहतीतल्या दवाखान्यात, दोनदा नेले, दोन्ही वेळा पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. सासूबाई म्हणतात, “पोट्ट्याले काई नाई झालं, मोबाईलनं डोकं फिरलं त्याचं.” यजमान फोनवर म्हणाले, “एमएचला (लष्करी रुग्णालयात) नेऊ नकोस, नाव रेकॉर्डवर येईल.” आईचे प्रश्न तीन आहेत: मुलाला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवले तर यजमानांच्या नोकरीवर परिणाम होईल का, मुलाला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचे आहे त्याच्या आड ही नोंद येईल का, आणि यजमानांना न सांगता नागपुरात खाजगी डॉक्टरांकडे नेले तर चालेल का.

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे देणारच आहे. परंतु तिसऱ्या पानावर, मुलीचा खोकला आणि गॅस सिलिंडर यांच्या मध्ये, तुम्ही एक वाक्य लिहून पुढे निघून गेला आहात, तिथे आधी थांबणे मला भाग आहे. परीक्षेनंतर बदली येणार अशी घरात चर्चा निघाली तेव्हा मुलगा म्हणाला, “मी नसलो तर तुम्हाला एक ट्रंक कमी लागेल.” पुढे तुम्ही लिहिले आहे की तो असाच गमतीने बोलतो.

ती गंमत असूही शकते. मात्र झोप, भूक, शाळा आणि खेळ यांतले एकेक सोडत चाललेला मुलगा जेव्हा स्वतःची मोजदाद घरच्या सामानात करतो, तेव्हा ते वाक्य गमतीत जमा करून चालत नाही. आज रात्री, मुलगी झोपल्यावर, त्याच्या शेजारी बसा आणि सरळ शब्दांत विचारा की तू ट्रंकेचे बोललास ते माझ्या मनातून गेले नाही, तुला जगणे नकोसे वाटते का, स्वतःला काही करून घ्यावे असे मनात येते का. असे विचारल्याने नसलेला विचार मुलाच्या डोक्यात शिरतो ही भीती अनेक आईवडिलांना वाटते, पण तिला आधार नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून मुलांना हायसे वाटते, असा माझा वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. उत्तर ‘हो’ आले, किंवा उत्तरच आले नाही आणि तुमचे मन साशंक राहिले, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. त्याला एकटे सोडू नका, घरातली सगळी औषधे आजच कुलपात ठेवा, आणि एमएचच्या किंवा नागपुरात मेडिकलच्या (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) तातडीच्या विभागात त्याला थेट घेऊन जा. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास आणि विनामूल्य चालतो, तिथे मराठीत बोलता येते. डिसेंबर 2023 मध्ये याच सेवेचा एक खास कक्ष पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात, सैन्यातील लोक आणि त्यांची कुटुंबे यांच्यासाठी सुरू झाला. लष्कराने हा विषय स्वतःचा मानला आहे, एवढे यजमानांना सांगायला ही माहिती उपयोगी पडेल.

ट्रंकेची उपमा त्याने कुठून आणली हे मला विचारावे लागले नाही. माझे वडील वायुसेनेत होते आणि माझी दहावी वायुसेनानगरच्या क्वार्टरमध्ये झाली. आमच्याकडे पत्र्याच्या काळ्या ट्रंका होत्या, त्यांवर पांढऱ्या रंगाने वडिलांचे नाव, नंबर आणि जिथे जायचे त्या स्टेशनाचे नाव लिहिलेले असे. बदली आली की जुन्या स्टेशनावर काळा हात फिरवून त्यावर नवे नाव रंगवायचे, आणि काही वर्षांनी त्या काळ्या रंगाखालून मागची दोन-तीन गावे पुसट दिसू लागत. आई प्रत्येक वेळी ठरवायची की या खेपेला एक ट्रंक कमी करू. ते वाक्य मी शेकडो वेळा ऐकले आहे, आणि बहुधा तुमच्या मुलानेही ऐकले असेल.

आता पहिला प्रश्न. सैनिकाची वैद्यकीय श्रेणी ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांच्या पद्धतीने ठरते. त्यातले पहिले अक्षर मानसिक आरोग्याचे, पुढची श्रवण, हातपाय, सर्वसाधारण प्रकृती आणि दृष्टी यांची. ही श्रेणी त्या सैनिकाच्या स्वतःच्या तपासणीवरून ठरते. मुलाला चष्मा लागला म्हणून वडिलांच्या दृष्टीची श्रेणी बदलत नाही, तसेच मुलाच्या उदासपणामुळे वडिलांच्या पहिल्या अक्षराला धक्का लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 नुसार रुग्णाच्या आजाराची आणि उपचारांची माहिती गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि या तरतुदीतून सैनिकाच्या मुलांना वगळलेले नाही. याउपर तुमच्या यजमानांच्या बोलण्यात एक खरी गोष्टही आहे, आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. एमआय रूमच्या रांगेत कोण कशासाठी बसले आहे हे लाइनीतल्या, म्हणजे क्वार्टरांच्या रांगेतल्या, बायकांना कळतेच. संध्याकाळपर्यंत ते सैनिकांच्या पत्नींच्या वेलफेअरच्या बैठकीलाही कळते. या कुजबुजीने यजमानांची बढती अडत नाही, पण तुम्हाला त्रास होईल. त्या त्रासाची तयारी ठेवा. मुलाच्या उपचारांपुढे तो किती मोजायचा हे मात्र तुमच्याच हाती आहे.

शिवाय यजमान ज्या कागदाला घाबरत आहेत, त्याच कागदाची त्यांना उद्या गरज लागणार आहे. मुलाच्या आजारपणासाठी तातडीची रजा मागायची असेल, कौटुंबिक अडचणीच्या आधारावर सोयीच्या ठिकाणी बदली मागायची असेल, तर अर्जाला तज्ज्ञ डॉक्टरांचे कागद जोडावे लागतात. नुसत्या तोंडी अडचणीवर कमांडिंग ऑफिसर तरी काय करणार? अनेक कुटुंबे दोन-दोन वर्षे आजार लपवतात, मग परिस्थिती हाताबाहेर गेली की बदलीसाठी धावतात आणि तेव्हा दाखवायला त्यांच्याकडे पित्ताच्या गोळ्यांच्या चिठ्ठीपलीकडे काही नसते.

एनडीएच्या प्रश्नात तुमच्याच पत्राकडे बोट दाखवते. दुसऱ्या पानावर “त्याला एनडीएत जायचे आहे” असे आहे आणि चौथ्या पानावर “निदान ह्यांची तशी फार इच्छा आहे” असे आहे. या दोन वाक्यांतले अंतर मुलाशी एकदा शांतपणे बोलून मोजा. समजा इच्छा त्याची स्वतःचीच आहे. तरी प्रवेशाचे किमान वय साडेसोळा आणि अट बारावीची, म्हणजे हाती वेळ आहे. वैद्यकीय तपासणीत पूर्वीच्या आजारांबद्दल विचारले जाते, त्याचे उत्तर खरे द्यावे लागते, आणि निर्णय वैद्यकीय मंडळाचा असतो. काहीच अडणार नाही असे वचन मी देऊ शकत नाही. परंतु बदलीच्या आणि काळजीच्या ताणाने आलेला, वेळेवर समुपदेशन घेऊन निवळलेला त्रास आणि उपचारांवाचून बळावलेला आजार यांतला कोणता मुलाला जास्त मागे ओढेल, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. सैन्याच्या निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या मुलाखतीत एक मोठा भाग मानसशास्त्रीय चाचण्यांचा असतो. जे लष्कर अधिकारी निवडताना मनाकडे इतके बारकाईने पाहते, त्याच्याच क्वार्टरमध्ये मनाचे नाव काढायचे नाही असा अलिखित नियम का असावा, हे मला कधी उमगले नाही.

आता उपचार मिळण्यातल्या अडचणींबद्दल. त्यातली पहिली अडचण एमआय रूममध्येच घडून गेली आहे. तुम्ही लिहिता की डॉक्टरांनी मुलाला “और कोई तकलीफ?” असे विचारले आणि तो ताठ बसून “नो सर” म्हणाला. फौजी घरातल्या मुलांचे हे वळण मला फार ओळखीचे आहे. ती उलट बोलत नाहीत, रडत नाहीत, प्रश्नाला नम्रपणे एका शब्दात उत्तर देतात, आणि वीस-पंचवीस रुग्ण पुढे बसलेल्या डॉक्टरांना त्या शिस्तीखालचे काही दिसत नाही. किशोरवयात मनाचा त्रास पुष्कळदा पोटातून, डोकेदुखीतून, नाहीतर चिडचिडीतून बोलतो. घरी त्याला मोबाईलचे वेड म्हणतात, शाळेत आळस म्हणतात आणि दवाखान्यात पित्त म्हणतात. बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात असे दोन-तीन विद्यार्थी असतात, आणि ती बहुधा मागच्या बाकावर गुपचूप बसलेली असतात.

म्हणून तिसऱ्यांदा जाताना पोट दुखते असे सांगू नका. एका कागदावर तारखांसह लिहून न्या: झोप कधीपासून बिघडली, दोन महिन्यांत शाळा किती दिवस बुडाली, वजन किती उतरले, खेळ कधी सुटला, आणि ट्रंकेचे ते वाक्य त्याच्याच शब्दांत. कागद डॉक्टरांच्या हातात द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे रेफर करा, असे स्पष्ट म्हणा. प्रत्येक एमएचमध्ये मानसोपचारतज्ज्ञ कायम असतीलच असे नाही. असले तरी त्यांच्याकडे जवानांची गर्दी असते आणि किशोरवयीन मुलांसाठी लागणारा निवांत तास त्यांना काढता येईलच असेही नाही. ही अडचण डॉक्टरांच्या आस्थेची नव्हे, संख्येची आहे. तारीख लांबची मिळाली तर ती हातची सोडू नका, आणि तोपर्यंत नागपुरात दाखवा. मेडिकल, मेयो आणि मिहानमधले एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत. कामठीहून मेयो जवळ पडते. खाजगी तज्ज्ञही शहरात पुष्कळ आहेत, मात्र त्यांचा खर्च तुम्हालाच करावा लागेल हे धरून चाला.

इथे सासूबाईंच्या आणि अवघ्या शहराच्या मनातला चौक आड येतो. छिंदवाडा मार्गावरच्या प्रादेशिक मनोरुग्णालयामुळे तिथल्या चौकाला आपण पिढ्यान्‌पिढ्या ‘पागलखाना चौक’ म्हणत आलो. ऑटोवाले म्हणतात, मीही पत्ता सांगताना अनेकदा म्हटले आहे. ज्या शहरात शाळेला जाताना मुले ते नाव रोज ऐकतात, तिथे ‘तुला मानसोपचारतज्ज्ञांकडे नेते’ हे वाक्य मुलाच्या कानी कसे पडेल याचा विचार करा. त्या रुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे आणि तिथे जाण्यात कमीपणा काही नाही, पण तुमच्या मुलाच्या सध्याच्या तक्रारींसाठी सर्वसाधारण रुग्णालयातला विभाग पुरेसा आहे. त्याला एवढेच सांगा की झोप आणि पोट यांचे दुखणे डोक्यातल्या काळजीशी जोडलेले दिसते, आणि त्या कामाचे वेगळे डॉक्टर असतात. सासूबाईंना समजावण्यात आत्ता शक्ती घालवू नका. त्या मुलीला सांभाळायला घरी थांबल्या तरी मोठी मदत झाली.

तिसरा प्रश्न सर्वांत नाजूक. कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर अल्पवयीन मुलाला बाह्यरुग्ण म्हणून दाखवायला आई म्हणून तुमची संमती पुरते, यजमानांच्या होकारासाठी थांबण्याचे कारण नाही. पण थांबायचे नाही म्हणजे लपवायचे, असे करू नका. तुम्ही लपवलेत तर मुलालाही लपवायला लावाल, आणि तो आधीच वडिलांपासून बरेच लपवतो आहे: ड्युटीवर त्यांचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून तो फोनवर ‘सब ठीक’ म्हणतो, असे तुम्हीच लिहिले आहे. ही शिकवण त्याला कोणी दिली? बहुतेक तुम्हीच, आणि कोणत्याही फौजी घरातली आई देते तशी, चांगल्याच हेतूने. दूर असलेल्या माणसाला वाईट बातमी कळवायची नाही, हा आपल्याकडचा धर्मच आहे. माझ्या आईने आजोबांचे आजारपण वडिलांना तीन आठवड्यांनी कळवले होते. वडील आईला एका शब्दानेही बोलले नाहीत, पण पुढे कितीतरी वर्षे घरचा फोन आला की त्यांचा पहिला प्रश्न असे, “आणखी काय सांगायचं राहिलं?”

यजमानांना सांगताना वेळ आणि शब्द निवडा. तिथे कॉल केव्हाही तुटतो, म्हणून कॉल तुटला तरी निरोप अर्धवट पोहोचणार नाही असे वाक्य आधी बोला: “मुलगा आजारी आहे, मी त्याला डॉक्टरांकडे नेते आहे, तो माझ्याजवळ सुखरूप आहे.” सविस्तर नंतर सांगा, शक्यतो त्यांची ड्युटी संपल्यावर. ‘नेऊ का?’ असे विचारू नका. परवानगी मागितली की तिकडून, आठशे मैलांवरून, नकार देणे हाच त्यांना काळजी करण्याचा एकमेव मार्ग उरतो. त्याऐवजी त्यांना एक काम द्या. मुलाला आठवड्यातून एकदा स्वतः फोन करायचा आणि त्यात अभ्यास, मार्क, एनडीए यांतले काहीही काढायचे नाही. स्वतःचा दिवस कसा गेला, लंगरमध्ये काय होते, थंडी किती आहे, हे सांगायचे. वडिलांच्या तोंडून “मलाही परवा झोप लागली नाही” एवढे एक वाक्य मुलाच्या कानावर पडले, तर पुढचे काम डॉक्टरांना बरेच सोपे जाईल.

राहिली बदली. दहावीचे वर्ष पुरे होईपर्यंत क्वार्टर ठेवून घेण्याची, तसेच यजमान फील्डमध्ये असताना कुटुंबासाठी वेगळ्या निवासाची तरतूद आहे. तुम्ही ती वापरतच असाल. खरी काळजी मार्चनंतरची आहे, कारण समुपदेशकाशी मुलाची तार जुळायला सहा-आठ भेटी लागतात आणि ती जुळते न जुळते तोच ट्रक दारात उभा राहतो. नव्या गावी नवे डॉक्टर पहिल्यापासून सगळे विचारतात, मूल कंटाळून ‘आता बरं आहे’ म्हणते, आणि उपचार तिथेच संपतात. सैनिकांच्या मुलांचे उपचार सुटतात ते सर्वाधिक या वळणावर. यासाठी पहिल्या दिवसापासून एक फाईल स्वतःजवळ ठेवा. प्रत्येक चिठ्ठीची प्रत, औषधाचे नाव व मात्रा, ते कधी सुरू केले आणि कधी बदलले, हे सगळे तीत असू द्या. बदलीचा हुकूम येताच डॉक्टरांकडून एक पानी सारांश लिहून घ्या. आपल्या नोंदी मिळणे हा 2017 च्या कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. औषध चालू असेल तर प्रवासासह महिनाभर पुरेल इतके आधीच घ्या आणि गाव बदलले म्हणून ते मनाने बंद करू नका. इथल्या समुपदेशकांना, नवी व्यवस्था लागेपर्यंत फोनवरून दोन-चार भेटी द्याल का, असे आत्ताच विचारून ठेवा. तीन वर्षांनी यजमान निवृत्त झाले की एमएचऐवजी ईसीएचएसची, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेची, व्यवस्था लागू होईल. मुलगा कमावता होईपर्यंत, त्याचे लग्न होईपर्यंत किंवा तो पंचवीस वर्षांचा होईपर्यंत, यांतले जे आधी घडेल तोवर, तिचा लाभ घेऊ शकतो, आणि तेव्हाही हीच फाईल कामी येईल.

शाळेत वर्गशिक्षकांना थोडक्यात सांगा, नाव आजाराचे न घेता. उपचार चालू आहेत आणि सोमवारची गैरहजेरी बेशिस्त नाही, एवढे पुरे. शाळेत समुपदेशक असतील तर त्यांना भेटा, मात्र तिथेच थांबू नका.

पुढच्या सोमवारी त्याचे पोट दुखेल तेव्हा शाळेवरून वाद घालू नका. डिपेन्डंट कार्ड (कुटुंबीयांचे लष्करी ओळखपत्र) आणि तारखांचा तो कागद घेऊन त्याला दवाखान्यात न्या. आत गेल्यावर कागद डॉक्टरांच्या हातात द्या, आणि पहिली दहा मिनिटे मुलाला त्यांच्याशी एकट्याने बोलू देऊन तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा.